हेल्मेट नव्हतं म्हणून मोडलेल्या पायाची भरपाई का कापायची?

बाईक अपघातात जखमी झालेल्या माणसाला कोर्टाने भरपाई मंजूर केली अशी बातमी आली की लोकांमध्ये ठरलेलं भांडण सुरू होतं. एक गट विचारतो, हेल्मेट घातलं होतं का? नव्हतं ना, मग पैसे कसले मागताय, आपल्या कर्माची फळं भोगा. दुसरा गट म्हणतो बिचाऱ्याचं आयुष्य उद्ध्वस्त झालंय आणि तुम्ही हेल्मेट काय घेऊन बसलात, माणुसकी आहे की नाही. दोन्ही बाजू वाचून मला त्रास होतो, कारण पहिल्या गटाला भरपाई म्हणजे शहाण्यासारखं वागल्याचं बक्षीस वाटतं आणि दुसऱ्याला ती दया वाटते, आणि अपघातानंतरचा दावा हा या दोन्हींपैकी काहीच नसतो. कुणाच्या चुकीमुळे कुणाचं किती नुकसान झालं आणि ते कुणी भरून द्यायचं एवढाच तो हिशोब असतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: हेल्मेट न घालणं ही चूक आहे, तिची किंमत काही वेळा भरपाईतून कापली जावी हेही मला मान्य आहे, पण ती कपात फक्त त्या जखमेपुरती असावी जी हेल्मेटने टळली असती किंवा कमी झाली असती, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी कपात मागणाऱ्याची असावी. अपघात कुणी केला या प्रश्नाचं उत्तर हेल्मेटमध्ये शोधायचं नाही.

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि सगळा घोळ त्यांची सरमिसळ केल्यामुळे होतो. धडक का झाली हा पहिला, आणि धडकेनंतर शरीराला किती लागलं हा दुसरा. हेल्मेटचा संबंध फक्त दुसऱ्याशी आहे. समोरून येणाऱ्या कारवाल्याने न बघता वळण घेतलं तर बाईकवाल्याच्या डोक्यावर काय होतं याने त्या वळण्यात काडीचाही फरक पडत नाही. अमेरिकेत 1981 साली लॉस एंजेलिसमधल्या बाईक अपघातांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, हर्ट रिपोर्ट म्हणून तो ओळखला जातो, शेकडो अपघातांच्या जागी जाऊन केलेला. त्यात असं निघालं की बाईक आणि दुसरं वाहन अशी टक्कर असते तेव्हा जवळपास दोन तृतीयांश वेळा दुसऱ्या वाहनाच्या ड्रायव्हरने बाईकचा पुढे जायचा हक्क मोडलेला असतो, आणि त्यातले कितीतरी ड्रायव्हर प्रामाणिकपणे सांगतात की मला बाईक दिसलीच नाही. लक्षात घ्या, हाच रिपोर्ट हेल्मेटचाही मोठा पुरस्कर्ता आहे, डोक्याच्या दुखापतीपासून वाचवणारी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हेल्मेट आहे असं तो स्पष्ट सांगतो. म्हणजे एकाच अभ्यासात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसतात, बाईकवाल्याने हेल्मेट घालायलाच हवं आणि धडक बहुतेकदा दुसऱ्याच्या चुकीने होते. मग आपल्याला त्यातलं एकच का ऐकू येतं?

आता समोरच्या बाजूचे जे खरे मुद्दे आहेत ते झटकून टाकून चालणार नाही. हेल्मेट काम करतं यात वादच नाही. बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या 2008 च्या कॉक्रेन रिव्ह्यूने हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका अंदाजे 42 टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका 69 टक्क्यांनी कमी होतो असं मांडलं. भारत सरकारच्याच 2022 च्या आकडेवारीत रस्ते अपघातात गेलेल्या 1 लाख 68 हजारांवर माणसांपैकी 50,029 जण हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार होते, त्यातले 14,337 मागे बसलेले. हा आकडा वाचून ज्याच्या पोटात गोळा येत नाही त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे हेही खरं. आणि भरपाई शेवटी इन्शुरन्स कंपनी देते म्हणजे प्रीमियम भरणारे सगळे देतात, तर ज्याने साधी काळजी घेतली नाही त्याचा जादा भार इतरांनी का उचलायचा, हा प्रश्नही रास्त आहे. मी हे सगळं मान्य करतो. पण मान्य करून निष्कर्ष काय निघतो ते नीट बघू, कारण लोक या सगळ्यातून थेट "काहीच देऊ नका" वर उडी मारतात आणि त्या उडीला कसलाच आधार नाहीये.

हा प्रश्न नवीन नाही, कोर्टांनी तो फार पूर्वीच सोडवायला घेतलाय. इंग्लंडमध्ये 1975 साली सीट बेल्ट न लावलेल्या एका ड्रायव्हरची केस अपील कोर्टात आली, तेव्हा तिथे बेल्टची सक्तीसुद्धा नव्हती, ती 1983 मध्ये आली. चूक पूर्णपणे समोरच्या गाडीवाल्याची होती. न्यायमूर्ती लॉर्ड डेनिंग यांनी तेव्हा जी मांडणी केली ती मला आजही सगळ्यात स्वच्छ वाटते. अपघात कशामुळे झाला हे बघायचं नाही, इजा कशामुळे झाली ते बघायचं. बेल्टने इजा पूर्ण टळली असती तर भरपाई 25 टक्क्यांनी कमी, इजा बरीच सौम्य झाली असती तर 15 टक्क्यांनी कमी, आणि बेल्टने काहीच फरक पडला नसता तर कपात शून्य. त्या माणसाच्या डोक्याला आणि छातीला लागलं होतं आणि एक बोट मोडलं होतं. कोर्टाने डोकं आणि छाती एका बाजूला ठेवली, बोट दुसऱ्या बाजूला, कारण बोट बेल्ट असतानाही मोडलंच असतं, आणि त्या बोटाच्या पैशांना हात लावला नाही. एका बोटासाठी एवढा विचार होऊ शकतो तर मोडलेल्या पायासाठी का नाही? त्याच्याही आधी, 1972 मध्ये, हेल्मेट नसलेल्या मोपेडस्वाराची भरपाई तिथल्या कोर्टाने 15 टक्क्यांनी कमी केली होती, आणि पुढे हेल्मेट होतं पण पट्टा लावलेला नव्हता अशा केसमध्ये 10 टक्क्यांनी. जास्तीत जास्त चौथा हिस्सा, तोही इजेशी संबंध दिसला तर. आपल्याकडे चर्चेत सरळ शंभर टक्के कापायला निघतात.

आणि आपल्याकडची कोर्टंही याच वाटेने गेलीत, फक्त लोकांना ते माहीत नसतं. सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये एका लायसन्स नसलेल्या अल्पवयीन दुचाकीस्वाराच्या केसमध्ये सांगितलं की लायसन्स नसणं हा गुन्हा असेल, पण तेवढ्यावरून अपघातात त्याची चूक होती असं धरता येत नाही. 2020 मध्ये ट्रिपल सीटची केस आली. हायकोर्टाने बाईकवर तिघं होते म्हणून 20 टक्के भरपाई कापली होती. सुप्रीम कोर्टाने ती कपात रद्द केली आणि म्हटलं की तिघं बसले हा नियमभंग झाला, पण त्या तिसऱ्या माणसामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली असं दाखवणारा काही पुरावा आहे का? नव्हता. नियम मोडला तर दंड आहे, लायसन्स सस्पेंड होऊ शकतं, ती शिक्षा वेगळ्या खिडकीवर मिळते. ट्रिपल सीटबद्दल ज्यांना राग आहे त्यांना हा निकाल आवडणार नाही, मलाही ट्रिपल सीट बघून धडकी भरते, पण युक्तिवाद चोख आहे. जर्मनीत 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टासमोर एका सायकलवाल्या बाईंची केस होती, रस्त्याच्या कडेला उभ्या कारचं दार अचानक उघडलं आणि त्या डोक्यावर पडल्या. खालच्या कोर्टाने हेल्मेट नव्हतं म्हणून 20 टक्के कापले होते, वरच्या कोर्टाने ते परत दिले, कारण तिथे सायकलला हेल्मेट सक्तीचं नाही आणि घालायचा सर्वसाधारण रिवाजही त्या काळी नव्हता. हे उदाहरण बाईकला जसंच्या तसं लागू होत नाही हे मला कळतं, बाईकला सक्ती आहे. तरी यातून एवढं दिसतं की दार उघडणाऱ्याची चूक लपवायला हेल्मेट वापरायचं नाही, ही सावधगिरी कोर्ट बाळगतं.

"थोडी जरी चूक असेल तर काहीच मिळू नये" हा विचार मुळात कुठून आला तेही सांगतो, कारण त्याचं वय ऐकून धक्का बसतो. इंग्लंडमध्ये 1809 साली एक केस झाली. डर्बी गावात एकाने आपल्या घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यावर आडवा खांब टाकून ठेवला होता, संध्याकाळच्या वेळी एक माणूस घोडा भरधाव पळवत आला, खांबाला धडकून पडला आणि गंभीर जखमी झाला. कोर्ट म्हणालं, सार्वजनिक रस्त्यावर खांब टाकणं चूक आहे खरं, पण तू नीट बघून चालला असतास तर तुला खांब दिसला असता, तेव्हा तुला काहीही नाही. खांब टाकणारा मोकळा सुटला. पुढची सव्वाशेहून जास्त वर्षं हाच नियम चालला, जखमी माणसाची दहा टक्के चूक असो की नव्वद, हातात शून्य. या नियमाचा अन्याय इतका ढळढळीत होता की न्यायाधीशच त्यातून पळवाटा शोधायला लागले. 1842 मध्ये पुढचे पाय बांधून रस्त्यावर सोडलेल्या गाढवाला एका वॅगनने उडवलं, मालकाने गाढव रस्त्यात सोडलं ही चूक असूनही कोर्टाने त्याला पैसे दिले, का तर शेवटच्या क्षणी टक्कर टाळणं वॅगनवाल्याच्या हातात होतं. शेवटी 1945 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदाच केला की चूक दोघांची असेल तर भरपाई त्या प्रमाणात वाटा. अमेरिकेत अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिना आणि व्हर्जिनियासारखी मोजकी राज्यं अजून जुन्या नियमाला चिकटून आहेत, बाकी बहुतेकांनी तो सोडला. आज हेल्मेटवरून "एक पैसा देऊ नका" म्हणणारा माणूस स्वतःला फार शिस्तप्रिय समजतो, पण तो जो नियम मागतोय तो घोड्यांच्या काळातला आहे आणि जगाने तो अनुभवातून टाकून दिलाय.

याचाच एक भाऊबंद युक्तिवाद आहे, बाईक धोकादायक असते हे माहीत असून तुम्ही ती घेतली, मग धोका पत्करलात ना? हेच शब्द एकोणिसाव्या शतकात कामगारांना ऐकवले जायचे. मशीन धोकादायक आहे हे माहीत होतं तरी कामावर आलास, म्हणजे तुझी संमती होती. 1891 मध्ये रेल्वेच्या कामावर खडकात ड्रिल मारणाऱ्या एका कामगाराची केस ब्रिटनच्या सर्वोच्च पातळीवर गेली, त्याच्या डोक्यावरून क्रेनने दगड नेले जायचे आणि त्याला ते माहीत होतं, एक दिवस दगड पडला. तिथे ठरलं की धोका माहीत असणं म्हणजे दुसऱ्याच्या निष्काळजीपणाला परवानगी देणं होत नाही. बाईकवाल्याने पावसात घसरायचा धोका पत्करलाय, म्हणा हवं तर. पण फोनवर बोलत सिग्नल तोडणाऱ्या कारचा धोका त्याने कुठल्या कागदावर सही करून पत्करला? आणि बाईक घेणारे सगळे काही शौक म्हणून घेत नाहीत, बहुतेकांना कार परवडत नाही आणि कामावर वेळेत पोचवणारं दुसरं साधन नसतं. पार्सल पोचवणाऱ्या पोराला "तू बाईक निवडलीस" म्हणणं म्हणजे त्याच्यापुढे कारची चावी ठेवली होती आणि त्याने ती नाकारली असं समजणं आहे.

आता "पैशासाठी करतात" या आरोपाबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. दावा मागणाऱ्याच्या पायाचं काय होतं ते एकदा जवळून बघा. वळणाऱ्या कारचा बंपर आणि बाईकचं इंजिन यांच्यामध्ये नडगी सापडते, हाड मोडून कातडीबाहेर येतं. पहिल्या ऑपरेशनमध्ये आत काही बसवता येत नाही कारण जखमेत माती आणि डांबराचे कण असतात, म्हणून बाहेरून सळ्यांची फ्रेम लावतात, हाडात स्क्रू आणि स्क्रूच्या तोंडाशी रोज ड्रेसिंग. जखम साफ झाली की आत रॉड. वरची कातडी गेलेली असेल तर मांडीची काढून तिथे लावायची. हाड जुळलं नाही तर कंबरेच्या हाडातून तुकडा काढून ग्राफ्ट, इन्फेक्शन झालं तर रॉड काढून परत पहिल्यापासून. हे महिनोन्महिने चालतं. आणि सगळं नीट झालं तरी घोटा पूर्ण वाकत नाही, माणूस जिना उतरताना कठडा धरून आडवा होऊन एकेक पायरी उतरतो, दिवसभर उभं राहायचं काम कायमचं जातं. या पायाला कुठलं हेल्मेट वाचवणार होतं? आणि डिसॅबिलिटी सर्टिफिकेटवर समजा लिहिलं तीस टक्के, तर लोक म्हणतात तीसच टक्के ना, मग एवढी रक्कम कशाला. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये हे फार नीट समजावलंय, शरीराचं अपंगत्व किती टक्के हा एक आकडा आणि कमाईची ताकद किती गेली हा दुसरा. डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळपास पूर्ण रोजगार गमावू शकतो, तोच हात गेलेल्या क्लार्कची नोकरी टिकू शकते. म्हणून ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताचे दावे ऐकणारं खास कोर्ट, वय, कमाई, पुढची कमाईची शक्यता, औषधपाणी, पुढची ऑपरेशन्स, सांभाळायला लागणारा माणूस, वेदना असं सगळं वेगवेगळं मोजतं. यात लोभ कुठे आला? नुकसान मोजल्याशिवाय ते भरायचं कसं?

खोटे दावे होत नाहीत असं मी म्हणणार नाही. होतात. उत्तर प्रदेशात ते इतके वाढले की 2015 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने एसआयटी (खास तपास पथक) नेमायला सांगितली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. दुसऱ्याच कारणाने झालेली इजा रस्ता अपघाताची म्हणून दाखवायची, गाडीचा नंबर नंतर घुसवायचा, यात काही वकील आणि पोलीसही सामील असल्याचे आरोप झाले. हा घाणेरडा धंदा आहे आणि त्याला तुरुंगच हवा. पण त्याची शिक्षा खऱ्या जखमींना का? खोट्या दाव्याने सगळ्यात आधी नुकसान खऱ्या दाव्याचं होतं, त्याच्याकडे संशयाने बघितलं जातं, त्याची केस लांबते. उपाय म्हणजे अपघाताची नोंद पहिल्या काही तासांतच पक्की करणं, हॉस्पिटलचे कागद आणि पोलिसांचा रिपोर्ट थेट ट्रिब्युनलकडे जाणं. हेल्मेटवरून सरसकट कपात करून एकही खोटा दावा पकडला जात नाही, खोटा दावा करणारा तर कागदावर हेल्मेट घालूनच येईल. प्रीमियमचंही तसंच, थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा केलाय तोच मुळी रस्त्यावर दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून निघावं म्हणून, आणि तो पैसा त्याच कामाला गेला तर त्यात गैर काय?

काही लोक आणखी पुढचं विचारतात की चूक कुणाची हा खेळच बंद का करत नाही. न्यूझीलंडने 1974 पासून तसं केलंय, अपघातात जखमी झालेल्या कुणालाही सरकारी योजनेतून उपचार आणि बुडालेल्या पगाराचा मोठा हिस्सा मिळतो, बदल्यात साध्या निष्काळजीपणासाठी कोर्टात भरपाईचा दावा करता येत नाही. मला ही कल्पना मनापासून आवडते. असं खरंच झालं तर मी हा लेख मागे घेईन. पण ती व्यवस्था उभी न करता फक्त दावा करायचा रस्ता अरुंद करत जायचं, ही मधली अवस्था सगळ्यात वाईट. आणि आपल्याकडे नेमकं तेच होतंय. मोटार वाहन कायद्यात 1994 मध्ये दावा दाखल करायची मुदत काढून टाकली होती, 2019 च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली आणि ती एप्रिल 2022 पासून लागू झाली. वर ज्या पायाचं सांगितलं तो सहा महिन्यांत कुठे पोचलेला असतो? बऱ्याचदा दुसऱ्या आणि तिसऱ्या ऑपरेशनच्या मध्ये. कायमचं अपंगत्व किती राहणार हे डॉक्टरला तेव्हा सांगतासुद्धा येत नाही. त्याच कायद्यात पोलिसांचा अपघात अहवालच अर्ज म्हणून धरायची सोय आहे हे खरं, पण ती सोय अहवाल वेळेत आणि नीट गेला तरच उपयोगाची, आणि तो गेला की नाही हे पलंगावर पडलेल्या माणसाने कुणाला विचारायचं? याच काळात समोरच्या गाडीवाल्याकडून कुणीतरी हॉस्पिटलमध्ये येतं, थोडे रोख पैसे पुढे करतं, "तुमचंही हेल्मेट नव्हतं, कोर्टात काही मिळायचं नाही" असं सांगतं आणि आपसात मिटल्याच्या कागदावर सही घेतं. समाजात आपण जे सहज बोलतो ते वाक्य तिथे असं वापरलं जातं.

मुदतीच्या या तरतुदीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, तिचं काय व्हायचं ते होईल. पण हेल्मेटच्या बाबतीत कायदा बदलायचीही गरज नाही, आहे तोच नीट वापरला तरी पुरे. जखमी माणसाची चूक होती हे सिद्ध करायचा भार तसं म्हणणाऱ्यावर असतो, हे तत्त्व आपल्याकडे आहेच. तर ज्या इन्शुरन्स कंपनीला हेल्मेटवरून कपात हवी आहे तिने डॉक्टरची साक्ष आणावी, की या या जखमा डोक्याच्या आहेत आणि हेल्मेट असतं तर त्या टळल्या असत्या किंवा एवढ्या कमी झाल्या असत्या. ट्रिब्युनलने निकालात जखमा वेगळ्या लिहाव्यात, डोकं एका ओळीत, पाय दुसऱ्या ओळीत, आणि कपात करायचीच तर पहिल्या ओळीतल्या रकमेतून करावी.